कुंडीतली लवंगी

मिरचीचे झाड एका हंगामाचे, असा आपला समज. पण तो शेताचा हिशेब झाला. कडाक्याची थंडी नसेल, तर तिचे खोड वर्षानुवर्षे जून होत जाते. फिनलंडच्या युक्का किल्पिनेन यांनी बॉन्साय केलेल्या मिरचीला ‘बोन्ची’ हे नाव दिले. बरकतपुऱ्यातील आमचे बैठे घर सदनिकांसाठी पाडले गेले, तेव्हा परसातली लवंगी आम्ही याच रीतीने वाचविली. फांद्या आखूड छाटल्या, मुळे कमी केली, झाड उथळ कुंडीत बसवून खिडकीशी ठेवले. घरात वारा नाही, म्हणून फुलांना हलकी टिचकी द्यावी लागते. पाने बारीक होतात, फळ मात्र आकार सोडत नाही. भज्यांची मिरची असती, तर झाड वाकलेच असते!

“मुळे तोडून जगवायचे, ही कसली माया?” आत्याबाई म्हणाल्या. आम्ही गप्प राहिलो. मिरचीही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडूनच आलेली. मिऱ्यावरून तिला नाव आपण दिले.

यंदा पाच मिरच्या लागल्या. चार आत्याबाईंनी वरणाच्या फोडणीत घातल्या; पाचवी बियाण्यासाठी त्यांनी झाडावरच पिकू दिली आहे.