होडीतला पेट्रोलचा पाइप

मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन आली होती. कर्लीच्या खाडीत आमच्या फायबरच्या होडीतून सगळ्यांना देवबागच्या संगमापर्यंत फिरवून आणलं. भाची दोनदा म्हणाली, "मामा, पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, पेट्रोलचं मशीन आहे, वास येणारच.

वास यायला नकोच असतो. हे मला आत्ता ऑगस्टात कळलं.

पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवलेली होडी परवा उघडली. टाकीकडून मशीनला जाणाऱ्या पाइपवरचा रबरी फुगा दाबत बसलो, घट्टच होईना. शेजारच्या होडीवाल्या काकांनी येऊन पाइप नुसता वाकवला. केसासारख्या चिरा, आणि चिरांतून ओल. "पत्रकारानू, आपलो पाइप कधी बघल्यात?"

बारा वर्षं बघितला नव्हता. कापला तर आतलं अस्तर सुटलेलं, फिल्टरमध्ये काळे कण. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, उडून न जाता होडीच्या तळाशी बसते. तिथंच आमची बॅटरी. आणि वर मुलं बसलेली. हा विचार मनातून जात नाही.

दोष पाइपच्या वयाचा आहेच. पण पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं, आता २० टक्के झालंय. जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाड्यांच्या मायलेजवर आपण चावडीपासून चॅनेलपर्यंत भांडलो. खाडीतल्या होड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला मी तरी ऐकला नाही. मीही कुठं लिहिलं?

बाजारात दुकानदारानं आधी साधा पारदर्शक पाइप पुढे केला. "सगळे हाच नेतात." तो घेतला नाही. आयएसओ ७८४० छापलेला, आग सोसणारा पाइप मागवला. फुगा, स्टीलच्या क्लिपा, जोडाचे रबरी वायसर, मशीनच्या टोपाखालच्या बारक्या नळ्या, सगळंच बदललं. फुग्यावरचा बाण मशीनकडे हवा, मी पहिल्यांदा उलटा बसवला होता. हसा. खर्च म्हणाल तर घरच्या चार माणसांच्या मासळी-थाळीइतका.

गर्दीच्या होड्या, लाइफ जॅकेट, यावर मी कित्येक बातम्या केल्यात. जॅकेटं मोजली जातात, कागद बघितले जातात. पाइप वाकवून बघणारा माणूस आमच्या धक्क्यावर मी पाहिलेला नाही. आता सीझन सुरू होतोय, याच खाडीत रोज पर्यटक बसणार. तपासणीच्या कागदावर ही एक ओळ वाढवा, असा अर्ज सोमवारी देतोय. होडीवाल्यांपैकी कुणाला सही करायची असेल तर रविवारी सकाळी धक्क्यावर भेटा.

जुना पाइप फेकलेला नाही. स्कूटरच्या डिकीत आहे, बघायला मिळेल. वास अजून येतोय.