अनामिकेचे मंदिर

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक आणि चामुंडी टेकडी डोळ्यांसमोर येते. परंतु त्याच नगरीत सुमारे १७५ फूट उंचीचे दोन जुळे मनोरे फार दूरवरून दृष्टीस पडतात. ते सेंट फिलोमिना या कॅथलिक ख्रिस्तमंदिराचे. जर्मनीतील कोलोनच्या महामंदिराची आठवण करून देणाऱ्या या वास्तूचा पायाचा दगड २८ ऑक्टोबर १९३३ रोजी चौथ्या कृष्णराज वडियारांनी बसविला. एका हिंदू राजाने ख्रिस्ती मंदिराची मुहूर्तमेढ रोवावी, ही गोष्ट त्या नगरीच्या स्वभावाला शोभणारीच होती.

ज्या संतस्त्रीच्या नावाने हे भव्य मंदिर उभे आहे, ती मात्र इतिहासाला जवळजवळ अज्ञात आहे. १८०२ साली रोममधील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. आत बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या अस्थी होत्या आणि कबरीच्या तोंडाशी लाल अक्षरे रंगविलेल्या मातीच्या तीन फरश्या. फरश्यांचा क्रम चुकलेला होता. तो जुळविला तेव्हा 'फिलुमेना, तुला शांती असो' असा अर्थ लागला. एवढ्याच आधारावर पुढे मोठे चरित्र रचले गेले. फरश्या जुन्या असून त्या दुसऱ्यांदा वापरल्या असाव्यात, असेही नंतर काही अभ्यासकांनी दाखविले. म्हणजे ते नाव तरी तिचे होते की नाही, कोण सांगणार? अखेर १९६१ साली रोमच्या धर्मपीठाने तिचा सण उपासनेच्या पंचांगातून वगळण्याचा आदेश दिला.

मग मंदिराच्या तळघरात तिच्या पहुडलेल्या मूर्तीपुढे जी माता आजारी लेकरासाठी हात जोडते, तिची प्रार्थना वाया गेली म्हणावयाची काय?

हा प्रश्न श्रद्धेच्या मर्मावर बोट ठेवतो. भक्तीसाठी सत्याला मुरड घालणे धर्माला शोभत नाही; रचलेली कथा रचलेलीच म्हटली पाहिजे. परंतु कथा गळून पडली तरी एक गोष्ट उरते. कोणा एका कोवळ्या मुलीला कोणीतरी मायेने मातीआड ठेवले, आणि हाताशी असलेल्या फरश्यांनी तिची कबर बंद केली. त्या मुलीचे नाव अनिश्चित. त्या हातांचे तर नावच नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा देव मात्र अशाच माणसांच्या संगतीत रमलेला दिसतो. सुताराच्या घरी तो वाढला, कोळ्यांना त्याने सोबती केले.

मराठी वाचकाला येथे आगगाडीच्या एका डब्याचे स्मरण व्हावे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगावकडे निघाले असता एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, लक्ष्मीबाईंनी त्याची केवढी किंमत मोजली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको. पुढे त्याही स्वतःच्या विचाराने त्या वाटेवर आल्या आणि पतीच्या मागे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्णत्वास नेले. मराठी वाङ्मयाचा एक प्रवाह त्या प्रवाशाच्या साध्या कृतीतून वाहू लागला. तो आपल्या स्थानकावर उतरून गेला, इतकेच.

म्हैसूरच्या मंदिराची कथाही याहून निराळी नाही. महाराजांचे चिटणीस थंबू चेट्टी यांना १९२६ साली पीटर पिसानी या धर्माधिकाऱ्यांकडून फिलोमिनेचा अवशेष मिळाला, ही नोंद आहे. राजाचे नाव शिलेवर आहे. परंतु दगड घडविणाऱ्या पाथरवटांची आणि डोक्यावरून चुना-वाळू वाहणाऱ्या मजुरांची नावे कोण जाणतो? याच नगरीत १९०६ साली वेस्लियन मिशनने मेरी कॅल्व्हर्ट होल्ड्सवर्थ यांच्या स्मरणार्थ रुग्णालय उघडले. तेथेही संस्थेवर एक नाव कोरलेले आहे. पण रात्री-अपरात्री रुग्णाची कूस बदलणारे आणि त्याच्या ओठांना पाणी लावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या निनावीच राहिले आहेत.

म्हणून पंचांगातून नाव गेले तरी या मंदिराचे काही उणे झाले नाही. उलट त्याचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. फिलोमिना कोण होती हे ठाऊक नसताना तिच्यापुढे मेणबत्ती लावणारी ती माताही जगाला तितकीच अज्ञात आहे. घरी परतल्यावर ती लेकराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवील आणि रात्रभर उशाशी बसेल. तिच्या प्रार्थनेचे उत्तर कदाचित तिच्याच हातांनी दिले जात असेल.