दुप्पट डावाचा ताळेबंद

दिवाळीला आठ दिवस उरले होते. सांगलीच्या पेठेतील हळदीच्या एका जुन्या अडतीत वहीपूजनापूर्वीचा खातेमेळ चालू होता. एका शेतकऱ्याच्या पट्टीचे २५,६०० रुपये नावे पडलेले दिसत होते. परंतु ते त्याच्या हाती पोहोचलेच नव्हते. बाबूजींनी दिवाणजींना काही विचारले नाही. गादीवर समोर बसलेल्या धाकट्या मुलाकडे त्यांनी केवळ पाहिले. मुलाने मान खाली घातली.

मुलगा उधळ्या नव्हता. वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशोबात पक्का. त्याला मोबाईलवर क्रिकेटच्या पैजांची एक ‘पद्धत’ सापडली होती. तुल्यबळ संघांच्या सामन्यावर शंभर रुपये लावायचे. हरल्यास पुढच्या सामन्यावर दोनशे, मग चारशे, आठशे. केव्हातरी एकदा जिंकणारच आणि त्या एका डावात मागचे सारे वसूल होणार! काही महिने रोज थोडेथोडे पैसे सुटत राहिले. तो जुगार आहे असे त्याला वाटेना; दुकानाच्या गल्ल्यासारखी ती नियमित मिळकतच भासू लागली. मग एकदा सलग आठ डाव हरले आणि २५,५०० रुपये गेले. नवव्या डावाला २५,६०० हवे होते. ते शेतकऱ्याच्या पैशांतून लागले आणि तेही गेले.

बाबूजींनी आवाज चढवला नाही. कोरा कागद पुढे सरकवून त्यांनी विचारले, “भाव काय मिळत होता?”

“शंभरास नव्वद, बाबूजी.”

“मग नववा डाव जिंकला असतास तर काय झाले असते, ते मांड.”

मुलाने आकडे मांडले. जिंकल्यावर मिळकत २३,०४०; आधीचे नुकसान २५,५००. जिंकूनही २,४६० रुपयांची तूट! त्याने वरचे डाव तपासले. पहिला जिंकल्यास नफा ९०, दुसरा जिंकल्यास ८०, तिसरा ६०, चौथा २०; आणि पाचवा जिंकला तरी ६० रुपयांची खोट. पैज घेणाऱ्याची शंभरामागे दहाची कपात प्रत्येक दुप्पटीबरोबर दुप्पट होत होती. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अडत आणि तोलाई पैशापैशाने मोजली गेली, त्या घरातील मुलाला ही कपात दिसली नव्हती.

या पद्धतीला ‘मार्टिंगेल’ म्हणतात आणि तिचा मोह जुना आहे. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावरील गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. ‘आता तरी लाल येईल’ म्हणत रकमा वाढवणारे धुऊन निघाले. मागचा निकाल पुढच्या निकालाला बांधील नसतो. जिंकण्या-हरण्याची शक्यता समसमान धरली, तरी सलग नऊ डाव हरण्याची वेळ ५१२ फेऱ्यांत सरासरी एकदा येते. रोज एक फेरी खेळणाऱ्यावर वर्षभरात ती ओढवण्याची शक्यता निम्म्याच्या घरात जाते. अनेक दिवसांची किरकोळ कमाई म्हणजे त्या एका दिवसाचे पुढे ढकललेले देणे होय. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. जिंकलेली रक्कम कोणी बुडवली, तर कोर्टात दावाही चालत नाही.

सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले घेतले जाते, यामागे व्यवहारही आहे. ही पद्धत तरून जायची, तर भांडवल अमर्याद हवे. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत तर मर्यादा आखूनच सुरू होते. ज्या खेळात थांबणे म्हणजे हरणे आणि पुढे जाणे म्हणजे अधिक हरणे, तेथे माणूस प्रथम आपली मर्यादा ओलांडतो आणि मग दुसऱ्याच्या ठेवीला हात घालतो. चोरीचा विचार मनात नसतानाही अचौर्याचा भंग होतो, तो असा.

मुलाने आपली मोटारसायकल विकली. शेतकऱ्याच्या गावी स्वतः जाऊन त्याने पैसे दिले, कारण सांगितले आणि क्षमा मागितली. शेतकऱ्याने नोटा मोजून घेतल्या. चहा मात्र विचारला नाही.

पूजनाच्या संध्याकाळी बाबूजींनी नवी वही त्याच्यापुढे ठेवली. परंपरेप्रमाणे त्याने ‘शुभ लाभ’ लिहिले. खाली ‘लाभ सवाया’ लिहिताना त्याचा हात क्षणभर थांबला. वाडवडिलांनी सवाईच मागितली होती, दुप्पट नव्हे.