काळ्या मातीवरची हिरवळ

माळव्याचे पठार पाहावयाचे तर ते वैशाखात पाहावे. पावसाळ्यात सारीच भूमी साजरी दिसते. भूमीचा स्वभाव कळतो तो उन्हाळ्यात. उज्जैनच्या किंवा महूच्या वाटेने इंदूरबाहेर पडले, की गव्हाची कापणी होऊन गेलेली शेते दुतर्फा पसरलेली दिसतात आणि त्यांच्या काळ्या पाठीवर भेगांचे जाळे विणलेले असते. काही भेगा इतक्या खोल, की हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा. आषाढात चार पाऊस झाले, की त्याच भेगा मिटतात, माती फुगते आणि शेतातून चालणाऱ्याच्या वहाणांना मणामणाचा चिखल लगडतो.

ही माती काळ्या पाषाणाची लेक. दख्खनच्या पठाराप्रमाणेच माळव्याखालीही लाव्ह्याचे थर आहेत. ते झिजून जी माती झाली, तिच्यातील चिकण कणांची घडण पुस्तकाच्या पानांसारखी असते. पाणी आले की पानांमध्ये शिरते व पुस्तक फुगते; ऊन तापले की पाणी निघून जाते व पुस्तक आक्रसते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांत घसरून पडते. पावसाळ्यात खालचा थर फुगू लागला की त्याला जागा अपुरी पडते, आणि तो वर उचलला जातो. ही माती आपली आपणच नांगरली जाते असे जे म्हणतात, त्याचे मर्म हे. शेतकऱ्याला हा गुण वरदानासारखा. घर बांधून राहणाऱ्याला मात्र तो जाच वाटतो. कुंपणाची भिंत कलते, ओट्याला तडा जातो, आणि घरापुढे हौसेने केलेली हिरवळ पाच-सात वर्षांत उंटाच्या पाठीसारखी होऊन बसते.

आम्हा इंदूरकरांना हिरवळीची हौस मोठी. वस्त्यांची नावेच पाहा ना: रामबाग, नारायणबाग, छत्रीबाग, लालबाग, माणिकबाग. अठराव्या शतकात होळकरांच्या पाठोपाठ माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांनी वाडे बांधले, आणि वाड्यांमागून बंगले आले, तेव्हा दारापुढे तुळशीवृंदावन आणि थोडी मोकळी जमीन एवढे तरी असावेच, असा रिवाज पडला. बागा बहुतेक गेल्या, नावे उरली. दारापुढच्या तुकड्यांचीही आता तीच गत होऊ लागली आहे. ज्याच्या त्याच्या अंगणात फरशी नाही तर सिमेंटचे ठोकळे. झाडलोट सोपी, मोटार उभी करायला सोयीचे, आणि ठेच लागण्याचे भय नाही.

हे शेवटचे कारण आमच्याही घरात निघाले. घरापुढे तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी हिरवळ आहे. आमच्या आत्याबाई ऐंशीच्या घरातल्या. सायंकाळी तिथे वीस फेऱ्या घालण्याचा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात एका उंचवट्यावर त्यांचा पाय मुरगळला आणि नेम महिनाभर मोडला. घरातील तरुण मंडळींनी फरशीचा प्रस्ताव लगेच पुढे केला. आत्याबाईंनी मात्र निक्षून सांगितले, "मी पडले म्हणून जमिनीला कशाला गाडता? जमीन सारखी करा." प्रश्न असा उभा राहिला: ही माती सारखी होऊ शकते काय?

उत्तर शोधायला आम्हांला गावाबाहेर जावे लागले नाही. मातीचा विचार या शहराइतका क्वचितच दुसऱ्या शहरात झाला असेल. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेले. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते येथे आले आणि १९१८ साली त्यांनी इंदूरच्या नगररचनेविषयी दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. दुखऱ्या जागेपुरतीच शस्त्रक्रिया करावी, असे ते म्हणत. गावातील घाण गटारांतून नदीत लोटण्यापेक्षा ती मातीत जिरवावी व तिथे बागा पिकवाव्यात, हाही त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १९२४ साली, आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे वनस्पतिविषयक संशोधन संस्था उभी केली. तिचीच जागा आज कृषी महाविद्यालयाची म्हणून ओळखली जाते. पालापाचोळा, कापसाच्या पळाट्या, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी तीन वेळा उलथापालथ करायची, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते. ही रीत जगभर 'इंदूर पद्धती' या नावाने गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय स्पर्धेत इंदूर वर्षानुवर्षे पहिले आले. ओला कचरा वेगळा काढण्याची सवय घराघरांत रुजली. त्याची मुळे, आम्हांस वाटते, इतक्या जुन्या मातीत आहेत.

गेडिस यांचा सल्ला आणि हॉवर्ड-वाड यांचे खत, एवढ्या शिदोरीवर आम्ही कामाला लागलो. प्रथम उंचसखलपणाची कारणे शोधली, कारण प्रत्येक खळग्याचे औषध निराळे. एके ठिकाणी जुन्या पेरूचे खोड तोडले होते. त्याची मुळे कुजून जमीन बसली होती. नळाची नळी घालताना खणलेला चर एका सरळ रेषेत खचला होता. कुंपणाकडे घुशीचे बीळ होते. बाकीचे उंचवटे मात्र मातीच्या स्वभावाचे.

लहान खळगे भरण्याची रीत सोपी आहे. एक भाग चाळलेले मुरलेले खत, एक भाग तिथलीच चाळलेली माती आणि एक भाग जाड रेती असे मिश्रण करावे. काळ्या मातीत नुसती थोडी रेती मिसळली तर वाळल्यावर विटेसारखा गठ्ठा होतो. तिला खताची सोबत हवीच. हे मिश्रण एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड पसरू नये, व गवताची टोके वर दिसत राहावीत. तीन-चार आठवड्यांनी, गवत वर आले की, दुसरा थर द्यावा. खळगा दोन इंचांहून खोल असेल तर गवताचा थर फावड्याने मुळांसकट कापून पुस्तकाच्या पानासारखा बाजूला उलटावा, खाली माती भरून दाबावी आणि थर पुन्हा जागेवर बसवावा. उंचवट्यालाही हीच रीत. फरक इतकाच, की खालची माती काढून घ्यावयाची. उंचवट्यावर जड रोलर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवला की तिच्यातील हवा जाते, पाणी मुरेनासे होते, आणि उंचवटा जिथल्या तिथेच राहतो.

आमच्या हिरवळीचा कुंपणाकडचा अर्धा भाग इतका बिघडला होता, की तिथे ठिगळे लावण्यात अर्थ नव्हता. तो चैत्रात आठ-दहा इंच खणून काढला. ढेकळे महिनाभर उन्हात तापू दिली, लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचल्या. त्यातली एक राहिली तरी पावसात तिची वीस होतात. मग ढेकळे फोडून खत मिसळले. ज्येष्ठात खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या आणि गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी लावून उतार काढला. हिरवळ आरशासारखी सपाट असून चालत नाही. पाणी घरापासून दूर जावे यासाठी दर दहा फुटांस दीड इंच, म्हणजे तीस फुटांत साडेचार इंच, उतार ठेवला. लांब फळी ओढून माती सारखी केली, पहिला पाऊस पडू दिला, माती बसली, तण उगवले, ते उपटले, आणि फळी पुन्हा ओढली. ही दुसरी सपाटी फार महत्त्वाची. काळी माती कोरडी आणि भेगाळलेली असताना काढलेली पातळी खरी नसते. ती ओली झाल्यावर आपले खरे रूप दाखवते.

आता गवत. माळव्याच्या उन्हाला आणि पावसाला टिकणारी आपली हरळीच. येथील माळी तिला दूब म्हणतात, पूजेच्या तबकात ती दूर्वा होते, आणि शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो. हरळीची मुळी म्हणजे कधी न मरणारी वस्तू, हे आपल्या भाषेने मान्यच केले आहे. ती दोन प्रकारे लावता येते. आषाढाच्या जोरदार पावसात बी वाहून जाते. म्हणून खणलेल्या भागात आम्ही कांड्या खोवल्या, तीन-चार इंचांच्या अंतराने, दोन पेरी मातीत आणि एक वर. उरलेल्या भागातील उघड्या पडलेल्या जागांवर पावसाचा जोर ओसरल्यावर बी पेरले. शंभर चौरस फुटांना पन्नास ग्रॅमच्या आसपास बी पुरते. ते मोहरीहून बारीक, म्हणून चाळलेल्या मातीत मिसळून अर्धे पूर्व-पश्चिम व अर्धे दक्षिण-उत्तर असे विखुरले, दंताळ्याने अलगद हलवले आणि वर मातीचा केवळ पदर दिला. खोल गाडलेले बी उगवत नाही. वर ओले गोणपाट टाकले आणि पहिले कोंब दिसताच काढून घेतले. पंधरा दिवसांत हिरवी झाक आली. पहिली कापणी गवत दोन इंचांचे झाल्यावर कात्रीने केली. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. थंडीत हे बी उगवत नाही आणि असलेली हरळीही पिवळी पडते. पौषात तिला नावे ठेवू नयेत. आंब्याखाली हरळी जगत नाही, म्हणून तिथे तिचा हट्ट न धरता पालाच राहू दिला. तोच पुढे खताच्या खड्ड्यात जातो.

आत्याबाईंच्या फेऱ्यांसाठी कडेने दगडी चिपांची अरुंद पाऊलवाट केली. खाली रेती, मध्ये दोन बोटांची फट, आणि सिमेंट मुळीच नाही. जमीन हलली, की चीप उचलून खाली मूठभर रेती सारावी. काम पाच मिनिटांचे.

एवढा खटाटोप सहाशे चौरस फुटांसाठी कशाला, असे कुणी विचारील. इंदुरात वर्षाकाठी सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने एवढ्याशा तुकड्यावर पन्नास हजार लिटरांहून अधिक पाणी आकाशातून उतरते. सारेच मुरते असे नाही, फुगलेली काळी माती पाणी सावकाश पिते. पण फरशीवरून ते घटकाभरात रस्त्यावर जाते. आणि आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी १९७८ पासून जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, विंध्याचा चढ चढवून आणले जाते. दारात आलेले पाणी हाकलून द्यायचे आणि दूरचे पाणी डोंगर चढवून आणायचे, हा व्यवहार आपल्या वडीलधाऱ्यांनी शहाणपणाचा मानला नसता. हिरवळीचे सारे काम पावसाच्या मुहूर्तावर धरण्यामागेही हाच विचार होता. नर्मदेचे पाणी गवताला पाजावे असे आम्हांला वाटेना.

गेल्या भाद्रपदात गणपतीला वाहिलेल्या एकवीस दूर्वांच्या जुड्या याच हिरवळीतल्या होत्या. वैशाखात पुन्हा दोन-तीन बारीक भेगा पडल्या, आणि पेरूच्या जागी जमीन अर्धा इंच बसली. त्याचे आम्हांस नवल वाटले नाही. या मातीवर सपाटी कायमची मिळत नाही; ती दरवर्षी ज्येष्ठात चार घमेली खत चाळून नव्याने मागून घ्यावी लागते. सबंध हिरवळीला अर्ध्या इंचाचा थर द्यायचा म्हटले तरी पंचवीस घनफूट मिश्रण पुरते, आणि त्यातील खताचा वाटा घरच्याच खड्ड्यातून निघतो.

ज्या घरांपुढे अजून जमीन उघडी आहे, त्यांनी फरशीवाल्याला बोलावण्यापूर्वी एक पावसाळा तिला द्यावा, एवढेच आमचे सुचवणे. आत्याबाईंच्या वीस फेऱ्या आता चोवीसवर गेल्या आहेत. आणि कुठला दगड हलला, हे आम्हांला त्याच सांगतात.