आगगाडीची शिटी

‘जालना, सोने का पालना’ ही आमच्या गावाची जुनी म्हण. त्या पाळण्यातले आमचे बाळ दीड वर्षाचे झाले, तरी एक शब्द बोलेना. मिस्सा आटोपल्यावर अंगणात कुणी ना कुणी विचारीच, “बोलतो का हो आता?” मुलगे उशिराच बोलतात, हा दिलासाही पाठोपाठ मिळे. पुढे आम्ही शेवटचे गीत संपण्यापूर्वीच बाहेर पडू लागलो.

जुन्या जालन्यात आमचे फिरणे ठरलेले. गांधी चमनवरून स्टेशनावर जायचे, बाळाला आगगाडी दाखवायची. गाडी येताना पाहून ते टाळ्या पिटी. त्याला ऐकू येते, असे आम्ही एकमेकांस समजावीत असू. एका रविवारी त्याची पाठ रुळांकडे होती. इंजिनाने कानठळ्या बसविणारी शिटी दिली. बाळ निवांत बिस्किट चोखत राहिले. पायांखालचा फलाट थरथरला, तेव्हा कुठे ते वळले.

घरी परतेपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल तर प्रथम कान तपासावेत, हे डॉक्टरांनी सांगितले. बाळ झोपेत असताना डोक्याला तारा लावून बेरा चाचणी झाली. लोकांचे प्रश्न चुकविण्यात आम्ही किती महिने दवडले, याचा हिशेब त्या खोलीबाहेर बसून केला.

आता त्याच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आहेत. तो ती दिवसातून दहा वेळा उपटतो, आम्ही दहा वेळा बसवितो. गेल्या रविवारी आम्ही अंगणात थांबलो. “हे काय लावलंय?” एका आजींनी विचारले. आम्ही सगळे सांगितले.