वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं पहिलं दहा दिवसांचं शिबिर केलं, तेव्हा एका शब्दापाशी मी अडलो: वेदना. आपण मराठीत दुखण्याला वेदना म्हणतो. पालीत मात्र ती सुखद असते, दुःखद असते किंवा दोन्ही नसते. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या या वेदना. पुढे अधिष्ठान येतं. तासभर डोळे मिटून, हातपाय न हलवता बसायचं. गालावर माशी बसते, खाज सुटते, टिपेला पोचते आणि हात न लावताच विरते.

घरी माझी पहाटेची बैठक गोठ्यालगतच्या पडवीत असते. उठलो की समोर म्हैस रवंथ करताना दिसते. घशातून गोळा वर सरकतो, पन्नासेक वेळा जबडा फिरतो, गोळा खाली उतरतो. क्षणभर सगळं थांबतं, मग पुढचा गोळा. पाठीवर माशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरथरते, रवंथ चालूच. फार दिवस वाटायचं, ही माझ्याहून पक्की साधक. पण ती थरथर आपोआप होणारी, प्रतिक्षिप्त. माझ्या खाजेशी मी झगडतो तसा झगडाच तिथे नाही. तिला ध्यानस्थ ठरवणं ही माझी हौस होती.

मग तिच्या आत काहीच नाही का? २०१२ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला: जाणिवेला लागणारी मज्जाव्यवस्था एकट्या माणसाकडे नाही, सस्तन प्राणी, पक्षी, ऑक्टोपस यांच्याकडेही ती आहे. मला ते उमगलं रेडकू दगावलं तेव्हा. म्हैस दावं ताणून रिकाम्या खुंट्याकडे पाहत रेकत राहिली. पान्हा सोडेना. मी बैठकीला बसलो. मनात शब्द धावत होते: आई, शोक, बिचारी. एकेक गळू दिला. शेवटी छातीत एक घट्ट, ऊन गाठ उरली आणि आखूड श्वास. त्या गाठीला नाव नव्हतं. मग ती माणसाचीच, असं तरी कशाच्या बळावर म्हणू?

तेव्हापासून धारेला बसण्याआधी तिच्या कुशीवर तळहात ठेवतो. बरगड्या वर येतात, खाली जातात. हाताखालची कातडी एकदा थरथरते, मग निवते. त्यानंतरच आचळाला हात लावतो.