फडावर पोहोचलेला धडा

दसरा झाला की आमचं निम्मं गाव रिकामं होतं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला जोडपी संसाराचं बोचकं घेऊन ट्रकात बसतात आणि साखर कारखान्यांची वाट धरतात. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हेच दिसेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. पाडव्याच्या सुमारास ती परततात, तोवर गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्या हवाली केलेली पोरं. काही पोरांना बरोबर न्यावंच लागतं. त्यात मुलगी असली तर धाकट्याला सांभाळणं, पाणी आणणं, चुलीपाशी बसणं तिच्या वाट्याला येतं. मग शाळेचं नाव कोण काढतो?

2023 च्या दसऱ्याला माझे धाकटे दीर आणि जाऊ निघाले, तेव्हा चौथीतली पुतणी माझ्याकडे ठेवायची असं बरंच रुसून-फुगून ठरलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक हंगाम ठेवून बघतो. नाही जमलं तर पुढच्या साली नेतो बरोबर." जाऊ काहीच बोलली नाही. ट्रकात चढताना तिनं फक्त पोरीच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधली.

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आमच्या गावाला करोनात लागला. 2020 च्या मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत गुरुजींनी पालकांचे नंबर गोळा केले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, ती ज्यांच्या घरी टीव्ही त्यांना. बाकीच्यांना मोबाइल, तोही बाप रानात गेला की त्याच्या खिशात. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या शाळा 1 डिसेंबर 2021 ला उघडल्या, पण ग्रुप राहिला तो राहिलाच. त्यावर अभ्यास कमी आणि सकाळच्या फुलांची चित्रं जास्त, हे तुम्हांलाही ठाऊक असेल.

माझ्या जावेला लिहिता-वाचता येत नाही. गुरुजी लिहायचे, "पाठ पाच वाचून घ्यावा," तर तिला त्या काळ्या मुंग्या. म्हणून मी रोज संध्याकाळी गुरुजींचा निरोप मोठ्यानं बोलून तिला पाठवू लागले. ती ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून कोपीवर यायची तेव्हा रात्र झालेली असायची. मोबाइल चार्ज करायचा तर टपरीवाल्याच्या पाया पडायचं. तरी ऐकायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गणिताची चाचणी झाली आणि गुरुजींनी सगळ्या वर्गाच्या गुणांच्या यादीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आमची पोर खालून तिसरी. त्या टोळीतले चार-पाच बाप ग्रुपमध्ये होतेच. उसाच्या सरीत उभ्याउभ्या यादी वाचली गेली आणि कुणीतरी भाऊजींना हसलं. रात्री त्यांचा फोन आला. "वहिनी, पाडव्याची तरी वाट कशाला बघायची? मुकादम गावाकडं चाललाय, त्याच्याबरोबर पाठवून द्या पोरीला."

मला रात्रभर झोप आली नाही. पोरगी माझ्याच कुशीत निजलेली. तिला यादीचं काही ठाऊक नव्हतं.

सकाळी भाकरी थापायच्या आधी शाळेत गेले. गुरुजी माझ्यापेक्षा वयानं लहान, माणूस कष्टाळू. मी म्हटलं, "गुरुजी, पूर्वी निकालाचा कागद घरी यायचा आणि घरातच राहायचा. तुमची यादी रात्रीतून फडावर गेली." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, सगळ्यांना कळावं म्हणून टाकली. त्यातून कुणाचं काय होईल, हे डोक्यात आलं नाही." त्यांनी यादी पुसली, पण ज्यांनी पाहायची त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून ते गुण ज्याचे त्याला सांगतात.

भाऊजींना काय सांगावं, हा घोर होताच. घरी आल्यावर पोरीला म्हटलं, तुला आवडतो तो धडा वाच. मोबाइल पुढ्यात धरला. फोटो नाही, व्हिडिओ नाही. व्हिडिओ तिकडच्या रेंजला उघडत नाही, आवाज मात्र जातो. मधे एका जोडाक्षराला ती अडली, दोनदा चुकली, मग बरोबर म्हणाली. मी पुन्हा करू म्हटलं तर म्हणते, "राहू दे गं मोठी आई. आईला कळू दे मी अडले ते."

उत्तर रात्री दहाला आलं. त्यात जावेचा शब्द एकही नव्हता. चुलीचा आवाज, कुणाचं तरी खोकणं आणि एका बाईचं बोलणं, "परत लाव गं, परत लाव." भाऊजींनी पोरीला पाठवा असं त्यानंतर म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही.

मग इतर कोप्यांवरच्या आयांचे निरोप येऊ लागले, आमच्याही पोराचं पाठवा. दर गुरुवारी जेवणं झाली की आमच्या ओट्यावर सहा-सात पोरं बसायची. एका आजीकडे तर फोनच नव्हता. ती नातवाला घेऊन यायची आणि स्वतःच खाकरून घ्यायची, जणू तिलाच वाचायचंय. 2022 ला शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' मध्ये आयांचे गट झाले होते, एका फोनभोवती चारजणी बसायच्या. त्याचीच ही सवय.

आयांचा ग्रुप मात्र आम्ही वेगळा केला, फक्त बायकांचा. मोठ्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि एकीला रात्रीअपरात्री नको ते फोन आले होते. तिच्या सासूनं ग्रुपच बंद करायला लावला. म्हणजे चूक एकाची आणि शाळेचा निरोप तुटला पोराचा.

एवढ्यानं सारं साधलं असं नाही. हातच्याची वजाबाकी फोनवर आली नाही. ती ज्वारीचे दाणे मांडून गुरुजींनी आणि मी करून घेतली. आणि पौषात पोरीला ताप भरला तेव्हा तिनं आईचे जुने निरोप एकापाठोपाठ एक लावले, मग फोन उशाखाली सारून रडत राहिली. त्याला माझ्याकडे औषध नव्हतं.

पोर पाचवीत गेली. 2024 च्या दसऱ्याला बोचकी बांधताना भाऊजींनी पिशवीतून एक काळी डबी काढली, फोन चार्ज करायची पॉवर बँक. तालुक्याहून आणली होती. मी किंमत विचारली तर म्हणाले, "असू द्या वहिनी. तुमची जाऊ पोरीचा धडा ऐकल्याबिगर निजत नाही."

जाऊ पदर खोचत म्हणाली, "माझं नाव कशाला सांगता?"